‘बाहेरच्या नर्सेस बंद करा’ म्हणणाऱ्यांना

रात्रपाळी

परवा ‘थेम्सकाठचा’ यांनी इथं फोरमवर लिहिलं की ब्रिटनमध्ये नर्सेसचा तुटवडा हे थोतांड आहे. हॉस्पिटलांना स्वस्तातली माणसं हवीत म्हणून भारत-फिलिपिन्समधून नर्सेस आणतात, इथं शिकलेल्या मुली घरी बसतात, तेव्हा बाहेरची भरती बंद करा. खाली ‘सहमत’ची रांग लागली. त्यातले निम्मे स्वतः व्हिसावर आलेले. दोन दिवस गप्प बसले. आज सुट्टी आहे, सविस्तर लिहिते.

आधी ‘स्वस्तात’चं बघू. एनएचएस म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा. तिथं बँड फाइव्ह ही नव्या नर्सची पगारश्रेणी, आणि बँड फाइव्ह म्हणजे बँड फाइव्ह. इंग्लंडमध्ये २०२५-२६ साठी सुरुवात ३१,०४९ पौंडांपासून, मग ती मुलगी लीड्सची असो की लातूरची. उलट आमच्यासारखीला आणायचं तर ट्रस्टला, म्हणजे हॉस्पिटल चालवणाऱ्या संस्थेला, व्हिसा, ऑस्की या प्रात्यक्षिक परीक्षेची तयारी, सुरुवातीची राहण्याची सोय हा खर्च वेगळा. यात स्वस्त काय आहे?

मी मिरजेहून आले ती जानेवारी २००४ मध्ये. आयसीयूचा सहा वर्षांचा अनुभव गाठीला. एजंटला दोन लाख दिले, त्यातले सव्वा लाख वडिलांनी सोसायटीतून काढलेले. इथं आल्यावर एका केअर होममध्ये ‘अडॅप्टेशन’, म्हणजे इथल्या नोंदणीआधीची देखरेखीखालची उमेदवारी. व्हेंटिलेटर सांभाळणारी मी, पाच महिने आजी-आजोबांना अंघोळ घालत होते आणि चमच्यानं भरवत होते. कामाची लाज नाही वाटली, तेही नर्सिंगच आहे. पण माझ्या सहा वर्षांना तिथं कुणी विचारलं नाही. मग पिन, म्हणजे इथला नर्सिंगचा नोंदणी क्रमांक मिळाला, हॉस्पिटलात लागले. तेव्हा म्हणत होते, नर्सेस या, लवकर या.

एप्रिल २००६ मध्ये कायम वास्तव्याची अट चार वर्षांची पाच केली. त्याच उन्हाळ्यात बँड फाइव्ह आणि सिक्सच्या नर्सेस तुटवड्याच्या यादीतून, म्हणजे बाहेरून माणसं सहज आणता येतात अशा कामांच्या यादीतून, काढून टाकल्या. एनएचएसचे ट्रस्ट तोट्यात होते, इथल्या नव्या मुलींना नोकऱ्या नव्हत्या. म्हणजे थेम्सकाठचा आज जे म्हणतायत अगदी तेच तेव्हाही म्हटलं गेलं. आमच्या फ्लॅटमधली कोल्हापूरची मुलगी अडॅप्टेशन संपवून नोकरीच्या शोधात होती. तिला घ्यायचं तर आधी इथला किंवा युरोपातला कोणी मिळत नाही हे हॉस्पिटलनं सिद्ध करायचं. कोण करतंय एवढं? ती कर्ज डोक्यावर घेऊन परत गेली.

पुढं काय झालं? २०१० नंतरच्या काटकसरीत नर्सिंगच्या प्रशिक्षणाच्या जागा कमी केल्या. ऑक्टोबर २०१५ मध्ये नर्सेस पुन्हा तुटवड्याच्या यादीत. २०१७ मध्ये नव्या विद्यार्थिनींची बर्सरी, म्हणजे शिक्षणासाठीचं सरकारी अनुदान, बंद. २०१९ च्या निवडणुकीत ५०,००० जास्त नर्सेसचं आश्वासन. ऑगस्ट २०२० मध्ये खास हेल्थ अँड केअर व्हिसा. आणि आता पुन्हा ‘पुरे झाल्या’. माझ्या नोकरीच्या काळात हा नळ दोनदा सोडला आणि दोनदा बंद केला. प्रत्येक वेळी सोडला त्यांनी, बंद केला त्यांनी, आणि बोलणी खाल्ली आम्ही.

तुटवडा खोटा नाही. माझ्या वॉर्डात रात्री एकेका नर्सकडे नऊ-दहा पेशंट असतात. रजिस्टरवर नावं भरपूर आहेत, त्या पगारात आणि त्या ताणात टिकून राहणारी माणसं कमी आहेत. १९१६ पासूनच्या रॉयल कॉलेज ऑफ नर्सिंग या नर्सेसच्या संघटनेला डिसेंबर २०२२ मध्ये एवढा मोठा संप पहिल्यांदाच करावा लागला, तो आम्ही आलो म्हणून नव्हे.

थेम्सकाठचा

ताई, तुमच्या कष्टांबद्दल आदर आहे. पण माझ्या पोस्टमागचं कारण तुम्ही वाचलंच नाहीत.

माझी मुलगी सप्टेंबर २०२२ ला नर्सिंगला लागली. फी वर्षाला ९,२५० पौंड, सगळं कर्ज. सरकारचं ५,००० चं अनुदान मिळायचं, ते भाड्यातच संपायचं. तीन वर्षांत २,३०० तासांची प्लेसमेंट, म्हणजे वॉर्डातलं प्रशिक्षण, बिनपगारी. शनिवार-रविवार सुपरमार्केटमध्ये काम. या उन्हाळ्यात पास झाली. एकेचाळीस अर्ज केले. बहुतेक ठिकाणी ‘अनुभव हवा’. अनुभव देणार कोण? नव्या मुलीला पहिलं वर्ष हाताला धरून शिकवावं लागतं, तुमच्यासारखी आयती तयार मिळते. मग ट्रस्ट कोणाला घेणार? ऑगस्ट २०२५ मध्ये सरकारनं नव्या नर्सेसना नोकरीची ‘ग्रॅज्युएट गॅरंटी’ जाहीर केली. अजून तरी आमच्या घरी तिचा काही उपयोग झालेला नाही.

मुलगी खोलीचं दार लावून बसते. हे बघणाऱ्या बापाला तुम्ही २००६ चा इतिहास सांगताय.

रात्रपाळी

तुमच्या मुलीचं वाईट वाटतं, मनापासून. पण तिला नोकरी का नाही? जागाच गोठवल्यात म्हणून. आमच्या ट्रस्टमध्ये सोडून गेलेल्या चार जणींच्या जागा भरल्या नाहीत. त्या चौघींच्या जागी केरळची मुलगी आलेली नाही, कुणीच आलेलं नाही. त्यांचे पेशंट आम्ही उरलेल्या वाटून घेतोय.

आणि एक विचारू? तुम्ही आयटीत वर्क परमिटवर आलात तेव्हा इथले प्रोग्रामर घरी बसले होते का, हे बघितलं होतंत?

थेम्सकाठचा

वैयक्तिक होऊ नका. माझी जागा जाहिरात देऊन भरलेली होती.

आकडेमोड

दोघांनी जरा दमानं घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालाप्रमाणे जगात २ कोटी ९८ लाख नर्सेस आहेत आणि कमी पडतात ५८ लाख. दर सात नर्सेसपैकी एक जन्मदेशाबाहेर काम करते, श्रीमंत देशांत हे प्रमाण २३ टक्के. एवढ्या मोठ्या प्रमाणावर माणसं हलतात तेव्हा एका मुलीच्या नोकरीवरून किंवा एका बाईच्या अनुभवावरून धोरण ठरत नाही.

दुसरं, लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांचा २००२ चा अभ्यास अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या हॉस्पिटलांचा आहे. एका नर्सकडचा एक पेशंट वाढला की शस्त्रक्रिया झालेल्यांच्या मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते. कॅलिफोर्नियानं १९९९ मध्ये कायदा केला आणि २००४ पासून नर्समागे किती पेशंट याची मर्यादा लागू केली. चर्चा त्यावर व्हायला हवी. मर्यादा कायद्यानं बांधली की तुटवडा खरा की खोटा हे आपोआप उघडं पडतं. ब्रिटनमध्ये वेल्सनं २०१६ मध्ये नर्सेसच्या संख्येबाबत कायदा केला, स्कॉटलंडनंही केला. इंग्लंडमध्ये नाही.

शासकीय सिस्टर

आकडेमोड दादा, ७ टक्के वगैरे पेनसिल्व्हेनियाचं झालं. मराठवाड्यात या.

जिल्ह्याच्या शासकीय रुग्णालयात एकोणीस वर्षं अधिपरिचारिका आहे. आमच्या भारतीय परिचर्या परिषदेचा निकष टीचिंग हॉस्पिटलात तीन पेशंटमागे एक नर्स असा आहे. माझ्या मेडिसिन वॉर्डात खाटा चाळीस, पावसाळ्यात पेशंट सत्तर, अर्धे खाली गादीवर. नाइटला आम्ही दोघी. एक सलाईन बदलते तोवर दुसरीकडं चार नातेवाईक ओरडत असतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडला २४ तासांत २४ मृत्यू झाले, त्यात १२ अर्भकं. टीव्हीवाले दोन दिवस आले, गेले. त्या वॉर्डांत त्या रात्री सिस्टर किती होत्या हे किती जणांनी विचारलं?

इथं वाद कशावर चाललाय, तर आमच्या मुलींना लंडनमध्ये घ्यावं की नाही. आमच्याकडून तीन वर्षांत अकरा जणी गेल्या. आयसीयूत मी स्वतः शिकवलेल्या. जागा रिकाम्या राहतात, मग कंत्राटी भरती. मे २०२२ मध्ये त्याच बाह्यस्रोत भरतीविरुद्ध राज्यभर संप केला. फरक किती पडला ते आम्ही रोज बघतो. ब्रिटनला नर्सेस हव्यात ना, मग त्यांनी आमच्याकडं कॉलेजं काढावीत, शिकवण्याचा खर्च द्यावा आणि मग न्याव्यात. फुकटात पिकलेलं शेत कापून नेणं झालं हे.

बी-टूची तयारी

सिस्टर, तुमचा मान ठेवून लिहिते. तुम्ही कायम नोकरीत आहात. सातव्या वेतन आयोगाचा पगार, पेन्शन, रजा. मी पुण्यात तीस खाटांच्या नर्सिंग होममध्ये होते, बीएस्सी नर्सिंग होऊन १४,००० वर. २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या आदेशानंतर समिती बसली. तिनं सांगितलं, पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खासगी हॉस्पिटलातसुद्धा २०,००० च्या खाली पगार नको. आठ वर्षांनी मी सहा हजार कमी घेत होते. वर मूळ मार्कशीट मॅनेजमेंटच्या कपाटात, दीड वर्षाचा बॉन्ड. सोडायचं म्हटलं तर ‘साठ हजार भरा’.

आता जर्मन भाषेची बी-वन परीक्षा झाली, पुढच्या बी-टूला बसतेय. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यातही नर्सिंग आहे. सरकारच पाठवायला तयार आहे. डॉक्टर अमेरिकेला गेला की पेढे वाटतात, इंजिनिअर गेला की बॅनर लागतो. नर्स निघाली की शेत कापलं. देशसेवेचा ठेका काय आमच्याच गळ्यात बांधलाय?

शासकीय सिस्टर

बाळा, मीही कंत्राटी म्हणूनच लागले. आठ वर्षं ६,००० वर काढली. कायम कशी झाले ते मला माहीत. माझ्या पेन्शनवर बोट ठेवू नकोस, ते जुनं पेन्शनही नाही.

बी-टूची तयारी

माफ करा. पण मग तुम्हीच सांगा, मी का थांबू?

वसईकर

सगळे परदेशाचं बोलताय, आपल्या मुंबईचं काय? इथल्या मोठ्या खासगी हॉस्पिटलांत मराठी नर्स शोधून सापडत नाही. सगळ्या केरळच्या. २०१९ मध्ये बाबांना एका हॉस्पिटलात ठेवलं होतं, नाव घेत नाही. रात्री मला बाहेर बसवलं. बाबांना हिंदी धड येत नव्हतं, आयुष्य वाडीत गेलं. ते सिस्टरला सांगत होते, ‘जीव घाबरा होतोय, जीव घाबरा होतोय.’ ती म्हणाली, ‘बाबा, डरो मत, सो जाओ.’ शेजारच्या पेशंटनं सकाळी मला सांगितलं. डॉक्टर आले तेव्हा पहाट झाली होती. बाबा गेले.

ब्रिटनमध्ये इंग्रजीची परीक्षा घेतात, जर्मनीत बी-टू लागतं. महाराष्ट्रात मराठीची परीक्षा का नाही? आणि इथल्या मुली बेकार असताना बाहेरून का आणतात? मला थेम्सकाठचा यांचं शंभर टक्के पटतं.

कुर्ला ईस्ट

तुमच्या वडिलांचं वाचून पोटात तुटलं. त्या रात्री जे झालं त्याचं समर्थन कोणीच करू शकत नाही. पण ‘सगळ्या केरळच्या’ हे मी वाचून सोडून देणार नाही.

माझी आई १९७८ मध्ये केरळातल्या पत्तनंतिट्टाजवळच्या गावातून आली. कोकण रेल्वे नव्हती, दोन रात्री गाडीत. वय एकोणीस. घरी पाच भावंडं, रबराच्या मळ्यात बापाची मजुरी. तिच्या पगारावर दोन बहिणींची लग्नं झाली. मी कुर्ल्यात जन्मले, महापालिकेच्या मराठी शाळेत शिकले, हे सगळं मराठीतच लिहितेय. आईला मराठी शिकवली ती वॉर्डातल्या मावशींनी. तिच्याकडं एक वही होती. एका बाजूला मराठी शब्द मल्याळम लिपीत, दुसऱ्या बाजूला अर्थ. कळ, ठणका, चमक, उसण, गोळा उठणे, मुंग्या येणे, भणभणणे, गरगरणे. ती म्हणायची, मराठी माणसाच्या दुखण्याला जेवढी नावं आहेत तेवढी आमच्याकडं भाताला नाहीत.

आणि तेव्हा त्या वॉर्डांत मराठी मुली का नव्हत्या, हे आपल्याच घरात विचारा. तुमच्या पिढीत किती घरांनी लेकीला नर्स केलं? रात्रीची ड्यूटी, परक्या पुरुषाचं अंग पुसायचं, शी-मूत काढायचं, असं म्हणून नाकं मुरडली. आम्ही कुणाची जागा घेतली नाही. ती रिकामी होती.

वसईकर

रिकामी होती, रिकामी होती! दरवेळी तेच. रिक्षा रिकामी होती, फेरीवाल्यांची जागा रिकामी होती. माझ्या मामेबहिणीनं जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा केला, तिला वसई-विरारमध्ये ९,००० सांगितले आणि तेवढ्यातच केरळवाली मिळते म्हणून मालकानं नाही म्हटलं. हे कुठलं नाकं मुरडणं?

कुर्ला ईस्ट

मग मालकाला बोला ना! ९,००० देणारा मराठीच होता की नाही?

वसईकर

होता. तो मुद्दा नाही.

रात्रपाळी

तोच मुद्दा आहे, वसईकर दादा. माझ्या मूळ लेखात तेवढंच तर म्हटलंय.

शासकीय सिस्टर

कुर्ला ईस्ट ताईंचं खरं आहे, कुणाला झोंबलं तर झोंबू दे. रमाबाई रानड्यांच्या सेवासदनानं पुण्यात ससूनमध्ये मुली नर्सिंग शिकायला पाठवल्या त्याला शंभर वर्षं होऊन गेली. मिरजेला मिशन हॉस्पिटलानं शिकवलं. तिथं शिकायला कोण गेलं? विधवा, टाकलेल्या, ख्रिस्ती झालेल्या, गरिबाघरच्या. ‘चांगल्या घरच्या’ नाही गेल्या. १९९९ मध्ये मी पास झाले. चार स्थळं आली. तिघांनी सांगितलं नोकरी सोडा. चौथ्यानं वडिलांना विचारलं, ‘रात्री हॉस्पिटलात असते म्हणजे नेमकी कुठं असते?’ वडील सहा महिने माझ्याशी धड बोलले नाहीत, जणू मीच काही केलं होतं. शेवटी लग्न झालं ते आमच्याच वॉर्डातल्या ब्रदरशी, म्हणजे पुरुष नर्सशी.

आता तीच ‘चांगली घरं’ एजंटचा नंबर मागायला माझ्याकडं येतात. जर्मनी म्हटलं की नर्सिंग चालतं.

मेट्रनची सून

हे अगदी आमच्याकडचं. सासूबाई सरकारी दवाखान्यातून मेट्रन म्हणून निवृत्त झाल्या. लग्नपत्रिकेत माझ्या सासऱ्यांचं पद छापलं, सासूबाईंचं नाही छापलं. त्यांनी आयुष्यभर हे कुणाला बोलून दाखवलं नाही, मागच्या वर्षी एकदाच मला सांगितलं.

निवांत

धागा ब्रिटनचा, चालला वसई-कुर्ल्यात. मूळ विषयावर या कोणीतरी.

बी-टूची तयारी

मूळ विषय हाच आहे. आमच्याकडं किंमत नाही म्हणून आम्ही जातो, आणि तिथं गेलो की कुणाच्या तरी मुलीची जागा खाल्ली म्हणून ऐकून घेतो.

आकडेमोड

शासकीय सिस्टर, तुमचा शिक्षणाच्या खर्चाचा मुद्दा मी उडवून लावला नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेची २०१० ची आचारसंहिता नेमकं तेच सांगते की घेणाऱ्या देशानं देणाऱ्याला काहीतरी परत द्यावं. पण ती ऐच्छिक आहे. जिथून नर्सेसची भरती करणं टाळावं अशा ५५ देशांची २०२३ ची यादी आहे, तिच्यात भारत नाही. भारत स्वतःच नर्सेस पाठवायचे करार करतो. फिलिपिन्सनं कित्येक वर्षं असंच केलं आणि त्यांच्या खेड्यातल्या दवाखान्यांत आज नर्स मिळत नाही. माझं मघाचं म्हणणं थोडं बदलतो. आकडे देशाचे असतात, रिकामी नाइट कुठल्या वॉर्डाची हे त्यात दिसत नाही.

थेम्सकाठचा

मी दोन दिवस वाचतोय. ‘बंद करा’ हा शब्द मी मागे घेत नाही. जोवर इथल्या मुली घरी आहेत तोवर नव्या भरतीला विराम हवा, हे माझं मत कायम आहे. पण ‘स्वस्तात आणतात’ हे लिहायला नको होतं. पगार एकच असतो हे मला मुलीनंही सांगितलं. आणि चार जागा गोठवल्या ते मला माहीत नव्हतं. ज्यांच्यावर चिडायला हवं ते ट्रस्टच्या बजेटच्या खोलीत बसलेत, एवढं मान्य करतो.

रात्रपाळी

एवढं मान्य केलंत तरी पुष्कळ. विराम मला मान्य नाही, त्यावर आपलं जमणार नाही. मुलीला सांगा, फक्त मोठ्या हॉस्पिटलांच्या मागे लागू नको. कम्युनिटी नर्सिंग, डायलिसिस युनिट, मानसिक आरोग्य, जीपी सर्जरी म्हणजे फॅमिली डॉक्टरांचे दवाखाने बघ. पिन आलेला असेल तर जिथं प्लेसमेंट झाली तिथल्या वॉर्ड मॅनेजरला स्वतः जाऊन भेट, बँक शिफ्टसाठी, म्हणजे गरजेपुरत्या सुट्या पाळ्यांसाठी विचार. मला मेसेज करा, तिचा अर्ज मी वाचून देते. २००४ मध्ये माझा अर्ज एका आयरिश सिस्टरनं तीनदा दुरुस्त करून दिला होता.

थेम्सकाठचा

तिला विचारतो. ती माझं ऐकेल असं नाही. तुमचं ऐकेल कदाचित.

वसईकर

कुर्ला ईस्ट, काल रागात रिक्षा-फेरीवाले आणले, ते चुकलं. मराठी यायलाच पाहिजे हे मात्र मी सोडणार नाही.

एक विचारायचं होतं. तुमच्या आईंच्या त्या वहीत ‘जीव घाबरा होणे’ आहे का?

कुर्ला ईस्ट

मराठी यायलाच पाहिजे हे आईही म्हणायची, नव्या मुलींना ओरडून सांगायची.

वही आत्ता कपाटातून काढली. आहे. शाईपेननं लिहिलंय, खाली दोन रेघा. अर्थाच्या जागी मल्याळममध्ये लिहिलंय ते तुम्हाला मराठीत सांगते: ‘भीती नव्हे. नाडी बघ, बीपी घे, डॉक्टरला उठव. पेशंटला एकटं सोडू नको.’